विचारणारं कुणी

११ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार-चमत्कार राहू देत. पंधरा महिने झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. पत्राचं एक बरं असतं, फाडून टाकायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

काम आहे म्हणून लिहितेय, उगाच नाही. आपल्या कपाटात वरच्या फळीवर निळ्या पुठ्ठ्याची एक वही असेल. माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाची, पण अक्षर तुझं. माझ्या पुस्तकांतून प्रश्न काढून तू लिहून ठेवायचीस ती. रद्दीत गेली नसेल तर पाठव. जूनमध्ये मला इथली पुढची परीक्षा द्यायची आहे. मागचीचं तुला सांगितलं होतं, ही त्यानंतरची. बाहेरच्या देशातून आलेल्या दातांच्या डॉक्टरला इथं परवाना हवा असेल तर अख्खं शरीर मुळापासून पुन्हा शिकावं लागतं. हाडं, नसा, रक्त, ग्रंथी, जंतू, औषधं. वीस वर्षांपूर्वी जे गिळलं त्याचं आता रवंथ चाललंय.

मी बरी आहे. दवाखान्यात काम करते, माणसं चांगली आहेत. खोलीला खिडकी आहे. तिच्यातून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो, आणि जिन्यावरून कोण किती वाजता चढतं-उतरतं हे मला आता पाठ झालंय. नसांचं तसं होत नाही. मेंदूतून बारा नसा निघतात आणि माझे दहावीवरच बारा वाजतात. दहावी आठवते ना? मेंदूतून निघते ती गळा, छाती, पोट, सगळीकडे हिंडते. तिला एक भारदस्त नाव आहे, पेपरात तेच लिहायचं असतं. पण तू तिला भटकभवानी म्हणायचीस आणि मला अजून तेच आधी आठवतं. "बाकीच्या राहू देत, आपली भटकभवानी कुठवर पोचली ते सांग." मग पुढे मलाच तू ते नाव ठेवलंस. तेव्हा मी कॉलेजपलीकडे कुठं गेलेही नव्हते.

वही पाठव. पत्ता पाकिटामागे आहे. सोबत चिठ्ठी नसली तरी चालेल.

धाकटी

४ मार्च

ताई,

वही आली नाही. टपालाला दहा-बारा दिवस लागतात हे मला कळतं, तरी रोज खालच्या पेटीत डोकावते. पेटीत गालिचे धुऊन देणाऱ्यांची जाहिरात असते. माझ्याकडे गालिचा नाही.

पहाटे पाच ते सात अभ्यास करते, मग कामावर जाते, दुपारच्या सुट्टीत दोन पानं होतात, आणि रविवार अख्खा असतो. वाचून होतं, घोकूनही होतं. अडतं ते एवढंच, पाठ केलेलं म्हणून घ्यायला कुणी नाही इथं. आपल्या ओट्याला टेकून तू उभी असायचीस, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात पेन्सिल. उत्तर बरोबर आलं तर शाबास नाही, छान नाही, नुसतं "पुढचं." चुकलं की पेन्सिल ओट्यावर टकटक. टकटक फारच लांबली की आई म्हणायची, "अगं सांगून टाक तिला, माझी भाजी करपतेय." त्या टकटकीला मी जेवढी घाबरले तेवढी पुढे कुठल्या परीक्षकाला घाबरले नाही.

इथं मी एक युक्ती केली. फोनमध्ये माझ्याच आवाजात प्रश्न भरून ठेवले, मध्ये उत्तरापुरती जागा सोडली. पण माझा आवाज फार गोड येतो गं. चुकलं तरी पुढचा प्रश्न तितक्याच गोडीनं विचारतो. परवा रविवारी असंच चाललं होतं. फोननं विचारलं, "लाळेच्या मोठ्या ग्रंथी किती?" मी जोरात म्हणाले, "दोन जोड्या!" तशी शेजारच्यानं भिंतीवर ठोकलं. टक, टक, टक. माझ्या आवाजाचा त्रास झाला असणार त्याला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. शुक्रवारी संध्याकाळनंतर माझ्याशी कुणी केलेलं ते पहिलंच बोलणं होतं. आणि उत्तर खरंच चुकलं होतं, तीन जोड्या असतात.

"त्या म्हातारीला विचारणारं कुणी नाही," असं आपण सहज म्हणतो. मला वाटायचं, विचारणं म्हणजे जेवलात का, औषध घेतलंत का, एवढंच. इथं येऊन कळलं की लाळेच्या ग्रंथी किती हेही त्यातच येतं.

पेन नीट धरता येत नाही, बोटांना भेगा पडल्यात. दिवसभर गरम पाण्यात हात असतात. दवाखान्यात काम करते असं लिहिलं ते खोटं नाही, पण मी खुर्चीपाशी नसते. मागच्या खोलीत असते. वापरलेली हत्यारं घासायची, पाकिटात बंद करायची, वाफेच्या यंत्रात घालायची, पाकिटावरची पट्टी काळी झाली की बाहेर काढायची. सहा वर्षं झाली, एकाही दाताला हात लावलेला नाही. मामा म्हणायचा ना, दात कोरून पोट भरत नाही. तो बरोबर होता हे त्याला कळवू नकोस.

पास झालेली बाई मागच्या खोलीत काय करते, असं तुझ्या मनात येईल. आलं तर विचार.

धाकटी

२९ मार्च

ताई,

आज दवाखान्यात एक गोष्ट घडली. ती सांगायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही, आणि तू ऐकतेस की नाही हेही माहीत नाही.

आमचा डॉक्टर तरुण आहे, मनानं चांगला. दवाखाना जुनाट, एक्स-रे अजून फिल्मवर निघतात. सकाळी एक म्हातारे गृहस्थ आले. कानानं कमी. कुठं दुखतंय विचारलं तर त्यांनी सगळ्या जबड्यावरून हात फिरवला. मी हत्यारांचा ट्रे ठेवायला आत गेले तेव्हा फिल्म दिव्याच्या काचेवर लावलेली होती. खालची शेवटून दुसरी दाढ, मुळाशी पू. डॉक्टर उजव्या बाजूला इंजेक्शन द्यायला वाकला होता. आता, त्या फिल्मच्या कोपऱ्यात एक बारीक टिंब असतं, त्याची फुगीर बाजू बघणाऱ्याकडे यायला हवी. मला खळगा दिसत होता. म्हणजे फिल्म उलटी लागलेली. म्हणजे दाढ डावीकडची.

आणि मी गप्प उभी राहिले. तू म्हणशील, नोकरी जाईल म्हणून. तेही होतंच. पण खरं कारण वेगळं. मला वाटलं, डावं-उजवं माझंच चुकत असेल, नेहमीसारखं.

नेहमीसारखं का, ते तुला माहीत आहे. तू कार्डबोर्डावर हृदयाचं चित्र काढून स्वयंपाकघराच्या दारामागे लावलं होतंस. काय सुंदर रंगवलं होतंस! आणि डावा कप्पा डावीकडे, उजवा उजवीकडे लिहिलास. पुस्तकात उलटं होतं, पण तुला वाटलं ती छपाईची चूक, म्हणून तू ती सुधारलीस. चित्रातलं माणूस आपल्यासमोर तोंड करून उभं असतं, त्याचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो, हे तुला कोण सांगणार होतं? दहावीनंतर तू टायपिंगला गेलीस आणि शाळेच्या ऑफिसात चिकटलीस. तोंडी परीक्षेत सरांनी चित्र पुढं केलं, "डावा कप्पा दाखवा." मी छातीठोकपणे उजवा दाखवला. वर्ग खदाखदा हसला. घरी येऊन मी तुला म्हणाले, "तुला काही येत नाही तर शिकवतेस कशाला?"

तू दारामागे गेलीस. कार्डबोर्ड काढलास, दुमडलास, आणि त्यानंतर माझं पुस्तक कधी हातात घेतलं नाहीस. मी माफी मागितली नाही. माझी परीक्षा जवळ आली होती. माझी परीक्षा कायमच जवळ आलेली असते.

शेवटचं बोलणं झालं तेव्हा तू म्हणालीस, "आईनं जन्मभर डावं-उजवं केलं, आणि तुला त्याचा पत्ताच नाही." मी म्हणाले, आईनं असं कधीच केलं नाही. माझ्या बाजूनं बघितलं तर नव्हतंच केलं. दहावीला मार्क तुझे जास्त होते. कमवायला तू लागलीस आणि शिकायला मी गेले, आणि मला ते वारा लागावा तितकं साहजिक वाटलं. समोरच्याचं डावं ते डावं, बघणाऱ्याचं नाही, हा नियम मला पुढे पक्का पाठ झाला. पण तो मी दातांपुरताच वापरला.

म्हाताऱ्यांचं सांगायचं राहिलं. सुई ओठापर्यंत आली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "डॉक्टर, फिल्म उलटी आहे." त्यानं फिल्म काढली, टिंबावरून बोट फिरवलं, कानापर्यंत लाल झाला. दाढ डावीकडचीच होती. नंतर मागच्या खोलीत येऊन मला म्हणाला, "तुमचे आभार मानायला हवेत." पुढे म्हणाला, "पण पेशंटसमोर असं पुन्हा बोलू नका. एक्स-रे बघणं तुमचं काम नाही." दोन्ही खरंच आहे. त्यानंतर मी दात बघायचे सत्तावीस आरसे घासले.

आणि ताई, जूनची परीक्षा पुढची नाही. तीच आहे, पहिलीच. मी पास झाले असं सांगितलं ते खोटं होतं. तीन वेळा संधी देतात. दोन गेल्या. ही गेली की मी जन्मभर मागच्या खोलीत.

चीड, हवी तेवढी चीड. आपलेच दात, आपलेच ओठ.

धाकटी

१२ एप्रिल

ताई,

आज पेटीत गालिच्याच्या तीन जाहिराती. बाकी काही नाही.

धाकटी

२४ एप्रिल

ताई,

तुझं पाकीट आलं. जिन्यातच बसून फोडलं. वर-खाली करणारे माझ्या अंगावरून जात होते.

वही नाही, पत्र नाही, "प्रिय" नाही. एक फुलस्केप कागद. वर एक ओळ, "वही मी रद्दीत दिली." आणि खाली दहा प्रश्न, तुझ्या ऑफिसातल्या अक्षरात, प्रत्येकापुढे उत्तरापुरती जागा सोडलेली. हे प्रश्न कुठून काढलेस? घरी पुस्तक नाही. वाचनालयात गेली असशील. शाळा सुटल्यावर, चार स्टॉप उलट्या दिशेनं. मी विचारणार नाही, तू कबूल करणार नाहीस.

उत्तरं लिहिते. कागद इथंच जोडलाय, पण इथंही सांगते, कारण मला तोंडी सांगायची सवय आहे.

पहिला, खालच्या दातांच्या वेदना मेंदूकडे नेणारी नस: पाचवी, तिची तिसरी शाखा. हे मला झोपेत विचार.

दुसरा, पित्त कुठं तयार होतं. तू मला फसवायला बघतेस. पित्ताशयात नुसतं साठतं, तयार यकृतात होतं.

तिसऱ्यापाशी मी फार वेळ थांबले. तू हृदय काढलंयस. अगदी तसंच, तितकंच सुंदर, फक्त या वेळी डावा कप्पा उजवीकडे आहे, जिथं असायला हवा तिथं. आणि खाली बारीक अक्षरात, "त्याच आठवड्यात बघून आले होते. तू विचारलं नाहीस." बावीस वर्षं तुला बरोबर उत्तर येत होतं, ताई. डाव्या कप्प्याची भिंत जाड का, असा तुझा प्रश्न आहे. उत्तर: उजव्याला रक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंतच पोचवायचं असतं, डाव्याला सगळ्या शरीराला पुरवायचं असतं. घरात ज्याच्यावर सगळ्यांचं पडतं त्याची भिंत जाड होते. दुसरं वाक्य पेपरात लिहिणार नाही.

चौथा ते आठवा कागदावर आहेत. सहावा मला नीट आलेला नाही, रक्त गोठण्याच्या पायऱ्यांत मी नेहमी घसरते. नववा भटकभवानीचा. ती पोटापर्यंत जाते, मोठ्या आतड्याचा बराचसा भाग ओलांडते आणि मग थांबते. कितीही लांब गेली तरी मेंदूपासून तुटत नाही. तुटली तर माणूस आजारी पडतो.

दहावा. "आई गेली त्या दिवशी पेपरात काय विचारलं होतं?"

मला माहीत नाही, ताई. मी पेपरात नव्हते.

आदल्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, "ये." मी म्हणाले, उद्या पेपर आहे, तेवढा देऊन निघते. सकाळी केंद्रावर गेले. दारात एक बाई बसली होती. घड्याळ, पेन, फोन, सगळं लॉकरमध्ये ठेवा म्हणाली. मी घड्याळ ठेवलं, पेन ठेवलं. फोन हातातून सुटेना. वाटलं, आत गेले आणि तुझा फोन आला तर? तिनं तीनदा सांगितलं. मग दार बंद व्हायची वेळ झाली आणि तिनं यादीत माझ्यापुढे फुली मारली. गैरहजर राहिलं तरी संधी गेलेली धरतात. समोर बसस्टॉप होता, तिथल्या बाकावर बसले, फोन मांडीवर घेऊन. दहा ते तीन. तेव्हाही उठून निघता आलं असतं. उठले नाही. हलले की फोन वाजेल आणि मला ऐकू येणार नाही असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. तुझा फोन आलाच नाही. दुसऱ्या दिवशी मामाचा आला, "सगळं आटपलं. ताई म्हणाली, तिचा पेपर आहे, तिला मध्ये उठवू नका."

माझ्या पेपरासाठी तू फोन केला नाहीस, आणि तुझ्या फोनसाठी मी पेपर दिला नाही. हे मी कुणाला सांगू?

मग दीड महिन्यानं तू विचारलंस, "पास झालीस का?" मी हो म्हणाले. आईच्या बदल्यात निदान काहीतरी हाती लागलं असं तुला वाटावं म्हणून. आणि लाज वाटली म्हणून. यातलं दुसरं कारण मोठं होतं. तू म्हणालीस, "मग झालं तर," आणि डावं-उजवंचं ते वाक्य बोलून फोन ठेवलास.

मी यायला हवं होतं. पेपर असो नसो, फोन येवो न येवो, मी यायला हवं होतं. आईपाशी तू एकटी होतीस. हे दहाव्याचं उत्तर नाही, पण मला येतं ते एवढंच आहे.

धाकटी

१९ जून

ताई,

तू तपासून पाठवलेला कागद गेल्या आठवड्यात मिळाला. लाल पेन्सिल पाहून चाळीस वर्षांची बाई खुर्चीत सरळ बसली. पहिला बरोबर, दुसरा बरोबर. तिसऱ्यावर बरोबरची खूण आणि दुसऱ्या वाक्याखाली रेघ, नुसती रेघ. सहाव्यावर "पुन्हा कर." मी सहा वेळा केला.

दहाव्यावर खूण नाही, फुली नाही. फक्त तुझ्या हातचा एक शब्द, "पुढचं."

तो कागद मी घडी घालून ठेवला, पण आज परीक्षेला सोबत नेला नाही, नेता येत नाही. दारात तीच बाई होती. तिला मी आठवत असेन असं मला वाटत होतं, पण तिच्यापुढून रोज किती जण जात असतील. घड्याळ ठेवलं, पेन ठेवलं. फोन बंद केला. "सगळं ठेवलंत?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले, आणि या वेळी ते खरं होतं. लॉकरला किल्ली लावली.

पाच तास. रक्त गोठण्याच्या पायऱ्या आल्या, सगळ्या लिहिल्या. दोन औषधं अजिबात आठवली नाहीत. एका ठिकाणी हृदयाचं चित्र होतं. बाकीचं नंतर. निकालाला सहा आठवडे आहेत. लागेल तसा कळवीन, जसा लागेल तसाच.

बाहेर आले, त्याच बसस्टॉपच्या त्याच बाकावर बसले आणि फोन चालू केला. तुझा एक फोन येऊन गेला होता. दहा वाजून पाच मिनिटांनी. पेपर दहाला सुरू होतो हे उत्तरांच्या कागदावर तुला मी लिहिलं होतं, तारखेसकट. मी उचलणार नाही हे माहीत असून तू केलास.

ताई, मला रडू आवरेना. शेजारी बसलेल्या बाईनं पर्समधून रुमाल काढून दिला आणि विचारलं, "पेपर कठीण होता का?"

आधी इथंच बाकावर हे लिहून पूर्ण करते, तोवर रडू थांबेल. मग तुला फोन लावते. दहाव्याचं उत्तर द्यायचं राहिलंय, पेपरात काय विचारलं होतं ते सांगायचंय.

भटकभवानी